पीजीराउटिंग: घाट, दुधाचे टँकर आणि एक फुकटचं एक्स्टेंशन

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा कुठं कापला ते ओघात येईल.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी: पीजीराउटिंग हे पोस्टग्रेस डेटाबेसचं एक्स्टेंशन आहे. पोस्टजीआयएस (पोस्टग्रेसला नकाशे शिकवणारं एक्स्टेंशन) आधी लागतं, त्याच्यावर हे बसतं. रस्त्यांचा तक्ता हाती दिला की त्यातून कमी अंतराचा, कमी वेळाचा, कमी डिझेलचा, तुम्ही म्हणाल तसा मार्ग काढून देतं. पैसे पडत नाहीत, सोर्स कोड खुला आहे. मी साताऱ्यात जीआयएसची, म्हणजे संगणकावरच्या नकाशांची, कामं करते आणि एका दूध संघाच्या टँकरांचे रोजचे मार्ग याच्यावर काढते. वाई, जावळी, महाबळेश्वर, खाली फलटणपर्यंत संकलन केंद्रं पसरलेली. दूध नासायच्या आत शीतकरण केंद्रात पोचलं पाहिजे. तेव्हा हे परीक्षण प्रयोगशाळेतलं नाही, रोजच्या धंद्यातलं आहे.

‘गूगल मॅप्स असताना हा उपद्व्याप कशाला?’ हे मला संघाच्या पहिल्याच बैठकीत विचारलं गेलं होतं, आणि प्रश्न रास्तच आहे. एकट्या गाडीला एकदा कुठंतरी जायचं असेल तर खरंच नको हा उपद्व्याप. पण पन्नास केंद्रांमधली प्रत्येकापासून प्रत्येकाची वेळ काढायची म्हटली की अडीच हजार जोड्या होतात, आणि बाहेरच्या सेवा हिशोब अशा जोड्यांवरच लावतात. दुसरं म्हणजे, गूगलला गाडी कळते, टँकर कळत नाही. ओढ्यावरचा कुठला साकव भरल्या टँकरचं वजन पेलत नाही हे संघाच्या ड्रायव्हरना पाठ असतं. ते कुठंतरी लिहून ठेवून हिशोबात धरायची सोय हवी होती, ती इथं आहे.

आतली मांडणी साधी आहे. रस्त्याचा प्रत्येक तुकडा म्हणजे तक्त्यातली एक ओळ. तुकडा कुठल्या नाक्यावरून निघतो, कुठल्या नाक्यावर संपतो, जायला किती पडतं, उलट यायला किती पडतं, बस, एवढंच. सोर्स, टार्गेट, कॉस्ट, रिव्हर्स कॉस्ट. उत्तरही तक्त्याच्याच रूपात येतं: नाका, तुकडा, त्याची किंमत, इथवरची बेरीज. शेवटच्या ओळीत तुकड्याच्या जागी उणे एक दिसला की मुक्कामी पोचलात. मधलं मार्ग शोधायचं गणित डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांचं, १९५९ साली छापलेलं. ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी पिता पिता वीसेक मिनिटांत सुचलं, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. हे एक्स्टेंशनही सुरुवातीला पीजीडायक्स्ट्रा याच नावानं आलं. स्वित्झर्लंडच्या कॅम्पटूकॅम्प कंपनीनं ते सुरू केलं, जपानच्या ऑर्कनी कंपनीनं वाढवून नाव बदललं. आज त्यात डायक्स्ट्राशिवाय डझनावारी पद्धती आहेत. मला रोज लागतात त्या चार-पाच.

रिव्हर्स कॉस्टचं महत्त्व कळायला खंबाटकी घाटाइतकी चांगली शाळा नाही. पुण्याहून साताऱ्याकडे येणारी वाहतूक वर्षानुवर्षं घाट चढून येते आणि साताऱ्याहून पुण्याला जाणारी बोगद्यातून जाते. दोन्ही वाटा एकेरी. पीजीराउटिंगमध्ये कॉस्ट उणे ठेवली की त्या दिशेनं तो तुकडा अस्तित्वातच नाही असं धरलं जातं. म्हणजे बोगद्याच्या तुकड्याला जायची किंमत आहे, यायची उणे एक. आता प्रश्न विचारताना रिव्हर्स कॉस्टचा रकाना दिला, पण ‘रस्ते दिशाहीन समज’ असाही पर्याय टाकला, तर हेच एक्स्टेंशन टँकर बिनदिक्कत बोगद्यात उलटा घालतं, आणि वर आकडेही झकास दाखवतं. म्हणून नवा डेटा चढवला की माझी पहिली चाचणी ठरलेली: शिरवळ ते भुईंज आणि भुईंज ते शिरवळ. दोन्ही उत्तरं नकाशावर वेगळ्या वाटेनं गेली तर पुढचं काम. एकाच वाटेनं गेली तर चहा घेऊन यायचा आणि डेटा उघडून बसायचं. नव्या बोगद्यांचं काम तिथं निघाल्यापासून तर नकाशातला तो कोपरा मी जास्तच संशयानं बघते.

आता मुख्य गोष्ट. रस्त्यांचा तक्ता पीजीराउटिंगला आपण थेट देत नाही. तो कसा वाचायचा याची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, मजकूर म्हणून देतो. प्रत्येक वेळी विचारलं की ती क्वेरी चालते, त्यातून आलेल्या ओळींचा आलेख, म्हणजे नाके आणि तुकड्यांचं जाळं, मेमरीत उभा राहतो, उत्तर निघतं आणि आलेख मोडला जातो. ऐकायला उधळपट्टी वाटते. आहेच. पण त्यामुळं रस्त्याची किंमत प्रश्न विचारायच्या क्षणी ठरते, आणि ती ठरवायला अख्खं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, आपल्या हाताशी असतं. मी चार तारे देते ते मुख्यतः याच एका गोष्टीला.

आषाढवारीचं घ्या. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत सोलापूर जिल्ह्यात उतरते. त्या दिवसांत वाहतूक कुठून कुठं वळवली आहे याचं पत्रक प्रशासन काढतं. माझ्याकडे ‘बंद रस्ते’ नावाचा एक साधा तक्ता आहे: तुकड्याचा क्रमांक, कधीपासून, कधीपर्यंत, कारण. पत्रक आलं की संघाच्या ऑफिसातला मुलगा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये रस्ते निवडतो आणि तारखा टाकतो. आतल्या क्वेरीत हा तक्ता जोडलेला असल्यामुळं पालखी लोणंदला असेल त्या दिवशी टँकरचा मार्ग आपोआप वेगळा निघतो आणि फलटणला असेल त्या दिवशी आणखी वेगळा. वारी पुढं सरकली की तारीख उलटते, रस्ता पूर्ववत. मूळ डेटाला हात लावावा लागत नाही, काही पुन्हा बनवावं लागत नाही. पावसाळ्यात हाच तक्ता दरडींसाठी चालतो. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट अतिवृष्टीत खचून बंद झाला होता. तसं काही पुन्हा झालं तर एक ओळ घालायची, एवढंच काम.

हेच ओएसआरएमसारख्या मार्ग काढणाऱ्या दुसऱ्या इंजिनात करता येत नाही असं नाही. पण तिथं आलेख आधी शिजवून ठेवलेला असतो. किमती बदलायच्या तर फाइल बनवा, पुन्हा प्रक्रिया चालवा, सर्व्हरला नवा डेटा पाजा. संघाच्या ऑफिसातल्या मुलाकडून हे होणार नाही, आणि मला रोज सकाळी सहाला फोन नकोत.

किमतीच्या याच मोकळीकीचा दुसरा उपयोग एका ड्रायव्हरमामांमुळं सुचला. केळघर घाटातून मार्ग काढून दिला होता. अंतर कमी, वेळही कमी. मामा कागद बघून म्हणाले, ‘मॅडम, मोकळा टँकर कुठनंबी जाईल. भरल्यावर तितली वळणं एका दमात निघत न्हाईत. मागं-पुढं करस्तोवर मागनं यस्टी येऊन हुबी ऱ्हाती.’ मग प्रत्येक तुकड्याची खरी लांबी भागिले त्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर असं गुणोत्तर काढलं. सपाटीवर ते एकाच्या आसपास राहतं, घाटात दीड-दोनच्या पुढं जातं. जिथं ते ठरावीक मर्यादा ओलांडतं तिथं भरल्या टँकरला सेकंद वाढवले, मोकळ्याला नाही. चढ-उताराचा फरकही तसाच घातला: उंचीच्या रास्टरवरून (चौकटीचौकटीनं उंची नोंदलेला नकाशा) दोन्ही टोकांची उंची घेतली, चढायची किंमत कॉस्टमध्ये, उतरायची रिव्हर्स कॉस्टमध्ये. हे सगळं चारेक ओळींच्या एसक्यूएलमध्ये बसतं. मामांना नवा कागद दाखवला तर ते मेढ्याच्या बाजूनं बोट फिरवत नुसतं ‘हां’ म्हणाले. आमच्याकडं ही मोठी शाबासकी समजतात.

आता तक्रारी.

वेग. वर सांगितलेल्या उधळपट्टीची किंमत इथं मोजावी लागते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशातला भारताचा पश्चिम विभाग जिओफॅब्रिकच्या साइटवरून उतरवून अख्खा चढवला आणि साताऱ्यातल्या दोन गावांमधला मार्ग विचारला, तर सुरतेच्या गल्ल्याही मेमरीत येतात. उत्तराला कित्येक सेकंद लागतात. डायक्स्ट्राऐवजी ए-स्टार (मुक्कामाच्या दिशेनं आधी शोधणारी पद्धत) वापरा असा सल्ला सर्रास मिळतो. मला त्याचा फारसा उपयोग झालेला नाही, कारण बहुतेक वेळ शोधण्यात जातच नाही, ओळी वाचून आलेख उभा करण्यात जातो. त्यात ए-स्टारचा भरवसा सरळ रेषेवर, आणि आमच्याकडच्या घाटरस्त्यांना सरळ रेषा माहीतच नाही. खरा उपाय म्हणजे आतल्या क्वेरीतच दोन्ही गावांभोवती चौकट टाकायची आणि तेवढेच रस्ते वाचायचे. पण चौकट ऐसपैस हवी. डोंगराला वळसा घालून जाणारी वाट चौकटीबाहेर राहिली तर मार्गच सापडत नाही. शेकडो लोक एकाच वेळी मार्ग विचारणार असं ॲप बनवायचं असेल तर पीजीराउटिंगच्या वाटेला जाऊ नका. ओएसआरएम, व्हॅलहल्ला, ग्राफहॉपर त्यासाठीच आहेत आणि तिथं उत्तर मिलिसेकंदांत येतं.

दुसरी तक्रार मौनाची. मार्ग नसेल तर रिकामा तक्ता येतो. तुम्ही दिलेला नाका आलेखातच नसेल तरीही रिकामा तक्ता. रस्ता तुटलाय, क्रमांक चुकलाय, की चौकट लहान पडली, काही सांगत नाही. पाचवा तारा मी इथं कापला.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही कळत नाही, कारण दोष अवजाराचा नाही; पण वेळ सगळ्यात जास्त तिथंच जातो. रस्ते एकमेकांना जोडलेले आहेत का? ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटात बरं असतं. दोन रस्ते खरोखर मिळतात तिथं त्यांचा बिंदू सामाईक असतो, आणि ओएसएमटूपीजीराउटिंग हे आणायचं अवजार तिथंच तुकडे पाडतं. शेपफाइल या नकाशा-फाइलीच्या प्रकारातून आलेल्या रस्त्यांचं तसं नसतं. डोळ्यांना जुळलेली दिसणारी दोन टोकं झूम करत गेलं की हातभर लांब निघतात. तेवढी सूट द्यावी लागते, आणि डेटा अक्षांश-रेखांशात असेल तर सूटही अंशातच लिहायची: ०.००००१ अंश म्हणजे साधारण एक मीटर. इथं एखादं शून्य कमी पडलं की समांतर जाणारा सर्व्हिस रोड आणि हायवे एक होतात. रेषा एकमेकींना छेदतील तिथं तुकडे पाडणारं फंक्शनही आहे, पण त्याला उड्डाणपूल कळत नाही. ते पुलावरच्या आणि पुलाखालच्या रस्त्याचा चौक करून मोकळं होतं.

कोयनेच्या बॅकवॉटरनं मात्र मला जे शिकवलं ते कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हतं. संकलन केंद्राचा बिंदू जवळच्या नाक्याला टेकवायचा असतो, आणि जवळचा म्हणजे पोस्टजीआयएसच्या लेखी सरळ रेषेत जवळचा. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर हे फसतं. पलीकडच्या काठावरचं गाव पाण्यावरून उडी मारून अलीकडच्या रस्त्याला चिकटतं. कागदावर ते गाव बामणोलीपासून पाच मिनिटांवर दिसतं, आणि तिथल्या माणसाला विचारलं तर तो लाँचचं वेळापत्रक सांगतो. लाँच किंवा गाड्या नेणारा तराफा हा काही रस्ता नव्हे, त्यामुळं नेहमीच्या मांडणीत तो आयातच होत नाही. मी बामणोली, तापोळ्याचे असे पाण्यावरचे तुकडे हातानं आखलेत. त्यांच्या किमतीत पाण्यावरचा वेळ आणि सरासरी थांबायचा वेळ दोन्ही धरलेत. बाकी केंद्रं एकदाच बसून, एकेक बघून नाक्याला बांधली. त्याआधी कनेक्टेड कंपोनंट्सचं फंक्शन चालवलं. कुठले रस्ते मुख्य जाळ्यापासून सुटून बेटासारखे पडलेत हे त्यातून एका झटक्यात दिसतं. सगळ्या पॅकेजमधलं माझं सगळ्यात आवडतं फंक्शन कुठलं म्हणाल तर हेच. मार्ग शोधणारं एकही नाही.

किती वेळात कुठवर पोचता येतं, यासाठी ड्रायव्हिंग डिस्टन्स आहे. शीतकरण केंद्रापासून पाऊण तासात येणारे सगळे नाके ते देतं आणि काम चोख करतं. त्या नाक्यांभोवती रंगीत आकार काढून बैठकीत दाखवायचा मोह मात्र टाळा. आकारात कोयनेचं पाणी, अभयारण्य, कडे सगळं येतं आणि कुणीतरी विचारतंच की ‘ही पण गावं आपल्यात बसतात का?’ रस्तेच वेळेप्रमाणे रंगवा. दिसायला कमी देखणं, पण खरं.

सगळी केंद्रं एका फेरीत कशी घ्यायची, याचं फंक्शनही आहे: टीएसपी. त्याला दोन्ही दिशांची किंमत सारखी असलेला तक्ता लागतो, म्हणजे एकेरी रस्ते आणि चढ-उताराचा आपला सगळा खटाटोप तिथं बाजूला ठेवावा लागतो. त्यात टँकर एकापेक्षा जास्त, प्रत्येकाची क्षमता वेगळी, केंद्रांच्या वेळा वेगळ्या. मी पीजीराउटिंगकडून फक्त सगळ्यांपासून सगळ्यांपर्यंतचा वेळेचा तक्ता घेते आणि वाटप व्हरूम या फेऱ्या आखणाऱ्या सॉफ्टवेअरला करायला देते. दोघांचं छान जमतं.

वेगमर्यादांबद्दल एक सूचना. ओएसएमटूपीजीराउटिंगसोबत येणाऱ्या मोटारींच्या फाइलमध्ये मोटरवेला ताशी १३० किलोमीटर धरलेले असतात. आपल्या पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच्या पाट्या मोटारींना १०० सांगतात. खालच्या रस्त्यांचे आकडेही त्याच युरोपी थाटातले. ती फाइल पहिल्या दिवशीच उघडून आपले आकडे घाला. आणि तयार तक्त्यातला ‘कॉस्ट’ हा रकाना अंशातला असतो, हेही लक्षात असू द्या. मीटरचे आणि सेकंदांचे रकाने शेजारीच वेगळे असतात, ते घ्या.

दस्तऐवज भरपूर आहेत, चोख आहेत आणि रुक्ष आहेत. सगळी उदाहरणं एकाच छोट्या आलेखावर, त्यामुळं शिकायला सोपं, पण आपल्या गावाला लावताना पुन्हा पहिल्यापासून. यूट्यूबवरचे धडे बघताना तारीख बघा. आवृत्ती २.० मध्ये फंक्शनांची नावं बदलली. ३.८ मध्ये तर टोपोलॉजी (कुठला रस्ता कुठं जुळतो याची नोंद) बनवणारं जुनं, सगळ्या धड्यांमध्ये पहिल्याच पायरीला येणारं फंक्शन निवृत्तीच्या यादीत गेलं. आता नाके काढायला एक्स्ट्रॅक्ट व्हर्टिसेस वापरायचं आणि सोर्स-टार्गेट स्वतः भरायचे. सुरुवातीला जाच वाटतो, पण आत काय चाललंय ते कळतं.

विंडोजवाल्यांना वेगळी खटपट नाही, पोस्टजीआयएसच्या बंडलमध्येच येतं. उबंटूवर पोस्टग्रेसच्या आवृत्तीचं पॅकेज घेतलं की झालं. अख्खा विभाग चढवू नका. ऑस्मियम या अवजारानं आपला जिल्हा आणि भोवतीचा पट्टा कापून घ्या, कारण आयात करणारं अवजार मेमरी खातं. जिल्ह्याएवढ्या डेटाला साधा लॅपटॉप पुरतो. मीटरमध्ये काम करायचं तर सातारा, पुणे, कोल्हापूर, नाशिक यांना ३२६४३ क्रमांकाचं प्रक्षेपण (नकाशा सपाट करायची पद्धत) चालतं. नागपूरकरांनी ३२६४४ घ्यायचं. अमरावती जिल्हा दोन्हींवर सांडतो, तिथल्यांनी या भानगडीत न पडता लांबी पोस्टजीआयएसच्या जिऑग्राफी प्रकारातच (अक्षांश-रेखांशांवरून थेट मीटर देणारा) मोजावी.